नळाच्या दिवशी सुटलेलं पाखरू

“पंखा बंद करा! आरं मुडद्यांनो, आधी पंखा बंद करा!”

ही आरोळी माझ्या आत्याची. तिचा आवाज असा, की करमाडच्या शेतात ती बैलाला हाक मारायची तेव्हा शेजारच्या शेंद्र्याचे बैल जागच्या जागी थांबायचे. त्या दिवशी ती आमच्या हॉलमधून ओरडली आणि खोटं वाटेल, पण अख्ख्या गल्लीनं आपापले पंखे बंद केले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं तर इस्त्रीसुद्धा बंद करून टाकली, उगं भानगड नको म्हणून.

मी अंगणातून पळत आलो. हॉलमध्ये छताखाली एक निळा ठिपका गरगरत होता, आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर आमचा पंखा भर मे महिन्याच्या जोमात फिरत होता. निळा ठिपका म्हणजे आत्याचा लव्हबर्ड. पिंजरा रिकामा. आत्या सोफ्यावर उभी, हातात पिंजऱ्याच्या तळाचा पत्रा, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला.

मी बटणांच्या बोर्डावर झेप घेतली. पहिल्या दणक्यात ट्यूब लागली, दुसऱ्यात झिरोचा बल्ब, तिसऱ्यात गेल्या गणपतीपासून भिंतीवर राहिलेली लाइटची माळ. ती माळ वाजणारी निघाली. हॉलभर पिपाणी सुरू झाली.

“हे काय भजन लावलंस रं?” आत्या किंचाळली.

शेवटी पंख्याचं बटण सापडलं. पण पंखा काय बटण दाबल्याबरोबर थांबतो होय? तो आमच्याकडच्या पाहुण्यासारखा असतो. निघतो निघतो म्हणत उंबऱ्यात रेंगाळतो. पाखरू दोनदा पात्यांखालून गेलं. दुसऱ्या वेळी एक पीस गिरक्या घेत खाली आलं, आणि आत्यानं डोळे मिटून घेतले.

पंखा थांबला. पाखरू पडद्याच्या दांडीवर जाऊन बसलं, चोच उघडी, छाती धडधडत. मी सोफ्यावर बसलो, चोच उघडी, छाती धडधडत.

आता हे पाखरू आमच्याकडं आलं कसं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. करमाडला एकटी राहायची. एकदा मोरीत पाय घसरला आणि शेजारची बाई ताक मागायला येईपर्यंत तशीच पडून होती. मला कळलं तेव्हा मी तिला उचलून शहरात आणलं. ती आली ती खताच्या पोत्याची शिवलेली, चेन लावलेली एक पिशवी घेऊन, आणि आल्या आल्या जाहीर केलं, “चार दिवस राहते. पाय बरा झाला की जाते.” ती पिशवी तिनं दाराच्या मागच्या खुंटीला टांगली. भरलेलीच. कपाटात एक कप्पा आम्ही रिकामा करून दिला होता, त्यात तिनं फक्त तिचा चष्मा ठेवला. लागेल ते रोज पिशवीतून काढायचं, धुऊन वाळवून परत पिशवीत घालायचं आणि चेन लावायची. आमच्या घरातून दारामागच्या त्या पिशवीकडं न बघता कुणाला बाहेर पडता येत नव्हतं. मी मोठमोठ्या गप्पा मारतो, पण खरं सांगतो, सकाळी दूध आणायला निघालो की आधी त्या खुंटीकडं बघायचो.

मग एका गुरुवारी ती छावणीच्या बाजारात गेली. गेली होती कोंबडी आणायला. कोंबडी का? तर शहरातली अंडी तिला पोकळ लागायची. परत आली ती हातात एवढासा पिंजरा घेऊन. त्यात निळ्या अंगाचं, पांढऱ्या तोंडाचं, अंगठ्याएवढं पाखरू.

“आत्याबाई, कोंबडी कुठंय?” बायकोनं विचारलं.

“हीच.”

“हिचं अंडं केवढं येणार?”

“शेंगदाण्याएवढं. मी म्हातारी, मला तेवढं बास.”

ते पाखरू नर निघालं. शेंगदाण्याचाही प्रश्न मिटला. पण आत्याचं आणि त्याचं जे जुळलं म्हणता! सकाळी उठल्यापासून ती त्याच्याशी बोलायची. गावाकडच्या भावकीतली भांडणं, कुणाच्या बांधावरून कोण गेलं, सगळं त्याला सांगायची. मी बाहेर सांगतो की पाखरू तिला उत्तरं देतं. एकदा तर “व्हय” म्हणालं, हे मी माझ्या या कानांनी ऐकलंय. बायको म्हणते ते नुसतं चिवचिवलं. बायकोचा कान शहरी आहे.

पाखरू आल्यापासून आत्या जाण्याची गोष्ट काढेनाशी झाली. कुणी विचारलंच तर म्हणायची, “ह्याला कोण बघल? हे हाय तवर हाय मी.” पिशवी मात्र खुंटीवर होतीच, चेन लावलेली. तेव्हा माझ्यासाठी सरळ हिशेब असा होता: पाखरू आहे तोवर आत्या आहे. पाखरू गेलं, की दुसऱ्या दिवशी मी बसस्टँडवर पिशवी हातात धरून उभा, आणि त्या निसरड्या मोरीच्या घरात ती पुन्हा एकटी.

म्हणून मी सोफ्यावर बसून धापा टाकत होतो. नुसत्या पंख्यासाठी नाही.

बरं, पाखरू सुटलं कसं? तर त्या दिवशी नळ आले होते.

बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडं नळ रोज येत नाहीत. आठवड्यानं येतात, कधी त्याहून उशिरा, आणि येतात तेव्हा एखाद्या मंत्र्यासारखे येतात. सगळी कामं ठप्प. नळ आले की आम्ही टाकी भरतो, हौद भरतो, ड्रम भरतो, कूलर भरतो, मग पातेली, बादल्या, कुकर, टोप. माझ्या एका मित्रानं एकदा गम बूट भरले होते. आणि त्याच दिवशी घरातली धुता येईल ती प्रत्येक वस्तू धुतली जाते, कारण पुढं आठवडाभर कशाला हात लावायची सोय नसते. त्या झपाट्यात आत्यानं पिंजऱ्याचा तळाचा पत्रा धुवायला ओढून काढला. पत्रा ओढला की खाली बोटभर फट पडते. पाखरानं ती फट बघितली, आणि तो दिवस नळाचा आहे, घरात सगळी गडबड आहे, याचा पूर्ण विचार करून ते निघालं.

म्हणजे आता परिस्थिती बघा. बायको गच्चीवर, टाकीत पाइप धरून. खाली फाटकाशी मोटार घरघरतीय. आणि घरात जमिनीवर, ओट्यावर, टेबलावर, खुर्च्यांखाली जिथं नजर जाईल तिथं काठोकाठ भरलेली, उघडी भांडी. वरून बघितलं असतं तर आमचा हॉल जायकवाडीच्या धरणासारखा दिसला असता. आणि त्याच्यावर पोहता न येणारं पाखरू.

“झाकण्या आण!” आत्या म्हणाली.

मी झाकण्या टाकत सुटलो. झाकण्या संपल्यावर ताटं, ताटं संपल्यावर वर्तमानपत्रं, मग सोफ्याच्या उश्या. एक उशी ड्रममध्ये बुडाली ती अजून पुरती वाळलेली नाही. स्वयंपाकघराचं दार लावलं, खिडक्यांच्या जाळ्या लावल्या. मग मी मोठा टॉवेल घेतला. आत्यानं गावाकडं कोंबड्या पकडण्यात उभा जन्म घातलेला, त्यामुळं तिनं मला कोंबडीचीच रीत सांगितली.

“कोपऱ्यात घाल त्याला. हात पसर. हुश्श हुश्श करत जा, आन् झडप घाल.”

मी हात पसरले. हुश्श हुश्श केलं. झडप घातली. टॉवेल पडद्याच्या दांडीला लागला, दांडी माझ्या डोक्याला लागली, आणि पाखरू उडून थेट कपाटाच्या आरशावर आदळलं. खाली पडता पडता सावरलं, परत उडालं. कोंबडी कोपऱ्यात अडकते, कारण कोंबडीला छत वापरता येत नाही. पाखराला कोपरा म्हणजे काय हेच माहीत नाही. तिसऱ्या झडपेनंतर ते इतकं दमलं, की उडताना खाली खाली यायला लागलं.

“कायकू दौडाते उसकू! दिल बंद पडेगा उसका!”

हा आवाज बाजूच्या खिडकीतून आला. आमच्या हॉलच्या खिडकीला लागूनच चाचांचं अंगण. चाचा म्हणजे आमचे शेजारी, सगळं आयुष्य कबुतरं पाळण्यात गेलेलं. त्यांचं एक कबुतर सकाळी हैदराबादला जाऊन, तिथं लग्नाची दावत खाऊन, दिवे लागायच्या आत परत आलं होतं, असं ते सांगतात. मी शंका घेत नाही. माझी स्कूटर बिनपेट्रोलची चौक्याचा घाट चढली होती, तेव्हा त्यांनीही घेतली नव्हती.

“चाचा, या ना इकडं!” मी ओरडलो.

“कैसे आऊँ? नल आया ना मियाँ!”

खरंच होतं. त्यांच्या मोटारीच्या पाइपाची क्लिप तुटलेली. जोड हातानं दाबून धरावा लागायचा. हात सोडला की पाणी टाकीत जायच्या ऐवजी आभाळात जायचं. चाचा खिडकीखाली उकिडवे बसले होते, दोन्ही हातांनी पाइपाचा गळा आवळून, आणि मान तेवढी उंच करून जाळीतून आमच्याकडं बघत होते.

“पैले बैठने दो उसकू. पर्दे लगाओ. अंधेरा करो. अंधेरे में परिंदा उडता नई.”

आत्या मान हलवत म्हणाली, “कोंबडी बी अंधारात गप बसती. हे मला आधी का सुचलं नाय?”

मी पडदे ओढायला धावलो. पण तेवढ्यात पाखरानं बसायची जागा शोधली होती. कोपऱ्यात कूलर. पाणी भरायला म्हणून त्याची एका बाजूची जाळी मी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, म्हणजे कूलरचं पोट उघडं. पाखरू त्या उघड्या बाजूनं आत घुसलं आणि समोरच्या जाळीतल्या गवताला आतून चिकटलं, भिंतीला पाल चिकटावी तसं.

“बसलं!” आत्या म्हणाली.

बसलं कसलं. कूलरचं गवत कसं असतं, तुम्हाला माहीत आहे. सुतासारख्या बारीक लाकडी ढलप्यांची गुंतवळ. पाखरानं पाय सोडवायचा प्रयत्न केला, तर नखाभोवती आणखी गुंता झाला. मग ते फडफडलं, पंजा अडकला तसाच राहिला आणि बाकीचं पाखरू उलटं लटकलं. खाली दोन बोटांवर कूलरचं काठोकाठ पाणी. दर फडफडीला पंखाचं टोक पाण्यात बुडत होतं. बाजूलाच कूलरचा पंखा, बंद होता म्हणून वाचलो.

“कूलर का प्लग निकालो! गलती से भी कोई चालू नक्को करो!” चाचा.

आता प्लग काढणं म्हणजे फार तर हात लांब करणं. पण माझं डोकं अशा वेळी मोठा विचार करतं. मी पळत गेलो आणि घराचा मेन स्विचच खाली ओढला. कूलर तर बंद होताच, आता घरही बंद. वाजणारी माळ एकदाची गप्प झाली. आणि फाटकाशी घरघरणारी मोटारही.

गच्चीवरून आवाज आला, “अहो! पाणी का थांबलं?”

मी कूलरकडं पळालो.

“अहोऽऽ! मोटार कुणी बंद केली? नळ जाईल ना आता!”

आमच्या शहरात नवरा-बायकोचे घटस्फोट होतात ते चालत्या नळाला मोटार बंद केल्यामुळं, असं माझं निरीक्षण आहे. बायको जिना उतरून आली ती अशी आली, की भांड्यांतल्या पाण्यावर लाटा उठल्या. पण हॉलमध्ये पाय टाकला आणि तिला कूलर दिसला, आणि कूलरच्या पुढं गुडघ्यांवर बसलेली आत्या दिसली. आत्याचे दोन्ही हात पुढं केलेले. ती हात आत घालायची आणि परत मागं घ्यायची.

“माझ्यानं व्हायचं नाय,” ती म्हणाली. “दाबलं जाईल. मीच पत्रा काढला रं. माझ्यानंच सुटलं ते.”

बायको मोटार विसरली. तिनं चाचांच्या खिडकीचा पडदा अर्धा ठेवला आणि बाकीचे सगळे ओढले. हॉलमध्ये सांजवेळेसारखा अंधार झाला. फडफड कमी झाली. पाखरू लटकलेलंच, पण गप्प.

“टॉवेल नक्को,” जाळीमागून चाचा आता हळू आवाजात बोलत होते. “टॉवेल जाडा है, उसके धागे में और नाखून फँसेगा. पतला कपड़ा लाओ. एकदम नरम. मलमल जैसा.”

पातळ कपडा! आमच्या घरात त्या दिवशी कपडा म्हणावा असा सगळा साबणाच्या पाण्यात होता. नळाचा दिवस. पडदे सोडले तर बायकोची ओढणी, माझी धोतरं, सगळं बादलीत भिजत पडलेलं. मी रुमाल शोधायला खिशात हात घातला, तर तो घामानं कूलरपेक्षा ओला.

आत्या उठली. दारामागं गेली. खुंटीवरची पिशवी काढली, चर्रकन चेन उघडली, आणि तळातून एक जुनं लुगडं काढलं. वापरून वापरून इतकं मऊ झालेलं, की मुठीत धरलं तर मावेल. ते गावाकडं जाताना नेसायचं म्हणून तिनं बाजूला ठेवलेलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिनं ते दातात धरून टरकन फाडलं. अर्धं माझ्या हातात दिलं.

“धर.”

मी आधीच सांगतो, माझे हात म्हणजे फावडी आहेत. माझ्या हातात चहाचा कप अंगठीसारखा दिसतो. ते हात घेऊन मी कूलरच्या पोटात शिरलो. अंगठ्याएवढ्या जिवाला धरायचं म्हणजे काय, हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं.

“मुठ्ठी नक्को बाँधो!” चाचा. “सीना खुला रखो. परिंदा सीना हिलाके साँस लेता. तुम सीना दबाए तो साँस बंद. पीठ हथेली में. गर्दन दो उँगलियों के बीच में, ढीली. ऐसे… अरे ऐसे…”

‘ऐसे’ दाखवायला दोन्ही हात लागतात. चाचांनी पाइप सोडला. पाइप नागासारखा उभा राहिला, चाचांच्या दाढीवरून, जाळीतून, आमच्या हॉलमध्ये. आम्ही सगळे भिजलो. चाचा भिजत उभे राहिले आणि हवेत नसलेलं कबुतर धरून दाखवत राहिले. नळाच्या दिवशी पाणी वाहू देणारा माणूस मी आयुष्यात तेवढा एकच बघितला. याच्यात माझी एकही थाप नाही.

मी बघितलं आणि तसंच केलं. लुगड्याचा तुकडा तळहातावर, पाठीमागून हळूच त्याच्याखाली. पाखरू हातात आलं. वजन? नव्हतंच. नुसती धडधड हातात आली होती. पाठ माझ्या तळव्यात, मान दोन बोटांच्या मधे, पुढची बाजू मोकळी. त्यानं माझं बोट चावलं. असं चावलं, की मला वाटलं बोट गेलं, पण मी हललो नाही. हे मी आजही सगळ्यांना सांगतो, आणि बायको प्रत्येक वेळी मधेच म्हणते, “हलला नाहीत, पण ओरडलात.”

“अब पाँव मत खींचो. घास काटो.”

बायको भुवयांची छोटी कात्री घेऊन बसली. पायाला हात न लावता तिनं बाजूचं गवत एकेक काडी करून कापलं. गवताचा झुपका पायाला तसाच राहिला, पण पाखरू सुटलं. मग उजेडाकडं नेऊन तिनं उरलेल्या काड्या सोडवल्या. पंजा हलत होता. रंग गुलाबी होता. चाचांनी जाळीला नाक लावून विचारलं, “उँगली पकड़ता क्या?” बायकोनं आपली करंगळी लावली. धरली. सैल, पण धरली.

तिथं खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती. पण आम्ही मराठवाड्यातली माणसं. कुणी आजारी पडलं आणि आपण काहीच केलं नाही, तर आम्हाला जेवण जात नाही.

आम्ही चपलांच्या खोक्याला भोकं पाडली, आत लुगड्याचा दुसरा तुकडा घातला, पाखराला ठेवलं. ते कोपऱ्यात पिसं फुगवून, डोळे मिटून बसलं. ते डोळे मिटलेले बघितले आणि तिघांचाही धीर सुटला. आत्या चमचाभर पाणी घेऊन आली, चोचीत घालायला. मी अंग कोरडं करावं म्हणून लुगड्याच्या टोकानं घासायला निघालो. आणि बायको स्वयंपाकघरातून आली ती हातात कांदा घेऊन. मुठीनं फोडलेला. आमच्याकडं कुणालाही ऊन लागलं, चक्कर आली, आकडी आली, काहीही आलं तरी पहिला कांदा फोडून नाकाशी धरतात. माझ्या लग्नात मांडवातच मला चक्कर आली होती तेव्हाही धरला होता. सगळं वऱ्हाड माझ्याकडं बघून रडत होतं ते त्या कांद्यामुळं, असं सासरे अजून सांगतात.

“या अल्ला! कांदा दूर करो!” चाचा जाळीवर आपटलेच. “उसका फेफड़ा मूँग के दाने इत्ता! कांदे की बू से मरेगा वो! पानी मुँह में नक्को डालो, साँस में जाएगा! घिसो नक्को, नुसता कपड़ा लगाओ, पानी वो खुद छोड़ेगा!”

“मग काय करायचं आम्ही?” बायको म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं. कांद्याचं होतं, ती म्हणते.

“कुछ नक्को करो. डब्बा बंद करो. अंधेरा, चुप्पी, थोड़ी गर्मी. बस.”

काही करू नका! तुम्हाला सांगतो, आमच्या घराला इतकं अवघड काम आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही तिघं खोक्याभोवती जमिनीवर बसलो. मेन स्विच तसाच खाली. पंखा नाही, कूलर नाही, मे महिना. कपाळावरचा घाम भांड्यांत पडून पाण्याची पातळी वाढत होती. बाहेर नळ केव्हाच गेला होता. आमची टाकी अर्धी, चाचांची त्याहून अर्धी.

आत्या खोक्याकडं बघायची आणि मग दारामागच्या खुंटीकडं. पिशवी तिथं लोंबत होती, चेन उघडी. मी तिची नजर बघितली आणि मला ती मोरी आठवली.

“आत्या,” मी म्हटलं, “काही झालं तरी…”

“गप बस. ऐक.”

खोक्यात खरखर झाली. मग परत काही नाही. मग परत खरखर, आणि मग भोकातून चोचीचं टोक बाहेर आलं आणि पुठ्ठा कुरतडायला लागलं. टक टक टक. घराच्या ढिल्या खुंट्या कुणी ठोकून बसवाव्यात, तसा तो आवाज मला गोड वाटला. आत्यानं भोकाशी तोंड नेलं आणि विचारलं, “भूक लागली का रं?”

आतून उत्तर आलं. “व्हय” असं. बायकोला विचारू नका, तिच्या डोळ्यांत तेव्हा कांदा होता.

पिंजऱ्याचा पत्रा लावला, दोरीनं बांधला, वर आणखी एक दोरी. आतल्या दांडीवर पाखरू बसलं, दोन्ही पायांवर, बाजरी खाल्ली. चाचा खिडकीत टाळ्या वाजवत होते, पाण्यानं निथळत.

“मियाँ,” ते म्हणाले, “मेरा वो हैदराबाद वाला कबुतर भी ऐसेच फँसा था. चारमिनार में.”

“असणारच,” मी म्हटलं.

त्या रात्री झोपताना आत्यानं लुगड्याचे दोन्ही तुकडे धुवायला मागितले. भरलेलं पाणी आठवडाभर पुरवायचं होतं. ती म्हणाली राहू दे, आणि ते तसेच पिंजऱ्यावर घातले, अंधार हवा म्हणून. ते लुगडं आता कायमचं पिंजऱ्याचं झालं. मला वाटलं, आता ती दुसरं काही पिशवीत घालेल. जायचं म्हटलं की नेसायचं काहीतरी लागतंच.

आणि मग एक दिवस सकाळी दूध आणायला निघालो, सवयीनं दारामागं बघितलं, आणि खुंटी रिकामी.

पिशवी नव्हती.

मी दुधाचा डबा तिथंच टाकला. मोरी बघितली, आतली खोली बघितली, फाटकापर्यंत पळालो, रस्ता दोन्ही बाजूंनी बघितला. जालना रोडकडं जाणारी रिक्षा दिसली, तिच्यामागं अनवाणी इतकं पळालो, की रिक्षावाल्यानं मला पाकीटमार समजून वेग वाढवला. परत आलो धापा टाकत. घरात शिरलो, हॉलमध्ये बघतो तर आत्या पिंजऱ्यापुढं बसलेली. बोटावर पाखरू. त्याला करमाडच्या कुठल्याशा बांधाची गोष्ट सांगत होती.

“आत्या!” मी दाराच्या चौकटीला धरलं. “आत्या, तुझी पिशवी… पिशवी कुठं गेली?”

तिनं माझ्याकडं वळूनही बघितलं नाही.

“गॅलरीत हाय. कांदे भरलेत तिच्यात.”